खर्जाचा डबा

बेस गिटार वाजवणाऱ्याला समाजात मान नाही, ही तक्रार मी करणार नाही. आमच्यात ती कुणीच करत नाही. केली तरी ऐकू जात नाही. गाणाऱ्याचं नाव फ्लेक्सवर येतं, ढोलकीवाल्यावर शिट्ट्या पडतात, कीबोर्डवाला स्वतःच्या चारचाकीतून उतरतो. बेसवाल्याला पंगतीत यजमान वाढता वाढता विचारतात, "तुम्ही जनरेटरवाले ना? डिझेल पुरंल का रातभर?" आम्ही पुरेल म्हणतो आणि जेवतो.

माझी तक्रार त्याहून लहान आहे. मला आळेफाट्यावर, राहत्या घरी, बेस गिटारचा आवाज नीट रेकॉर्ड करायचा आहे. त्यासाठी एक डबा घ्यायचा आहे. हा डबा बेसच्या मोठ्या ॲम्प्लिफायरची नक्कल करतो. एका बाजूने गिटारची वायर घातली की खोलीत माणसाएवढा ॲम्प लावल्यासारखा आवाज दुसऱ्या बाजूने थेट रेकॉर्डिंगला जातो. डबा पायाने दाबायचा असतो, हातात मावतो, आणि त्याची किंमत चार-पाच हजारांपासून दीड लाखाच्या पुढे कितीही असू शकते. यातला कुठला घ्यावा, एवढाच प्रश्न आहे. त्याला उत्तर नाही असं नाही. उत्तरं पुष्कळ आहेत, आणि ती सगळी मला मिळालेली आहेत.

"नक्कल कशाला, खरा ॲम्पच घ्या की," असं सुचवणारे असतात, त्यांच्या माहितीसाठी सांगतो. अँपेग या अमेरिकी कंपनीने १९६९ साली एसव्हीटी नावाचा ॲम्प काढला. ताकद ३०० वॉट, आत १४ व्हॉल्व्ह, आणि स्पीकर सोडून नुसत्या वरच्या पेटीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. ती पेटी ज्याच्यावर ठेवायची त्या कपाटात दहा-दहा इंची आठ स्पीकर. या कपाटाला जगभरचे बेसवाले फ्रिज म्हणतात. रोलिंग स्टोन्स हे धूड घेऊन त्याच वर्षी अमेरिकाभर फिरले. त्यांच्याकडे उचलायला माणसं होती. तशी ती आळेफाट्यालाही आहेत. कांद्याच्या बाजाराच्या दिवशी उपबाजारात या, असं वजन ती पाठीवर घेऊन गप्पा मारत जातात. पण ॲम्पला हमाली कुठल्या दराने द्यायची आणि त्यावर तोलाई-वाराई धरायची का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. शिवाय आमचा जिना अडीच फुटी आहे.

समजा, चढवला. व्हॉल्व्हच्या ॲम्पची गोम अशी, की हळू आवाजात तो काही विशेष वाजत नाही. ताणला की व्हॉल्व्ह जरा बेशिस्त होतात, सुराला जाडसर खर येते, आणि लोक पैसे मोजतात ते या खरेसाठी. दहा बाय बाराच्या खोलीत ३०० वॉट ताणायचे म्हणजे आधी खालच्या मजल्यावरच्या खत-औषधांच्या दुकानदाराला विश्वासात घ्यायला हवं, कारण त्याच्या फळ्यांवर काचेच्या बाटल्यांतून कीटकनाशकं उभी आहेत. मग ॲम्पसमोर माइक. माइक हा निःपक्षपाती असतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन्ही महामार्ग आमच्याच चौकात एकमेकांना कापतात, त्यामुळे बेसबरोबर टेम्पोचा सुरेल हॉर्न, "नारायणगाव, मंचर, पुणे पुणे पुणे" अशी हाक आणि उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदलं जातं. ट्रॅक्टरवरच्या गाण्यात बेस मीच वाजवलेला असण्याची शक्यता आहे. खात्री करता येत नाही, कारण ट्रॅक्टरचा वूफर सगळी गाणी सारखीच वाजवतो.

म्हणून नक्कल. आणि नक्कल म्हणजे काहीतरी कमअस्सल, असं मानायची आमच्या गावाची रीत नाही. फाट्यापासून थोड्याच अंतरावर आळे गावात रेडा समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे विसावला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्या कथेत मला सगळ्यात मोठेपणाचं वाटतं ते पैठणच्या सभेचं वागणं. वेद ऐकू आले, विषय संपला. कुणी असं म्हणालं नाही, की ऋचा ठीक आहेत, पण खालच्या सप्तकात जरा पोकळ वाटतंय. शेजारच्या रेड्याच्या आवाजात ऊब जास्त आहे. बेसवाल्यांची सभा असती तर निकाल अजून लागला नसता.

बाकीच्या वाद्यांचा हा प्रश्न महाराष्ट्राने केव्हाच मिटवला आहे. लग्नातली बँजो पार्टी घ्या, यात्रेतला ऑर्केस्ट्रा घ्या, ऑक्टापॅड सगळीकडे. आठ रबरी पट्ट्या, दोन काठ्या, आणि त्यातून ढोलकी, हलगी, संबळ, ताशा, लागलंच तर काच फुटल्याचा आवाज. शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. ढोलकी कशी कडकडली पाहिजे हे कळणारी माणसं या तालुक्यात जितकी सापडतील तितकी क्वचितच कुठे. पण ऑक्टापॅडमधली ढोलकी कुठल्या सालची, शाई कुणी भरलेली, असं त्यांच्यापैकी एकानेही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. पोरगं नाचलं, ढोलकी पास.

बेसच्या डब्याला ही सवलत नाही.

पहिली अडचण घराण्यांची. न्यूयॉर्कच्या टेक ट्वेंटीवन कंपनीने १९८९ साली सॅन्सॲम्प आणला. नाव सरळ आहे: ॲम्पशिवाय. आत कॉम्प्युटर नाही. साध्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने व्हॉल्व्हची खर आणि स्पीकरचा मऊपणा उभा केला. पुढे याच वाणाचा बेससाठीचा काळा डबा निघाला आणि इतक्या रेकॉर्डिंगांत वापरला गेला, की आता नव्या डब्यांची जाहिरात "अगदी त्या काळ्या डब्यासारखा" अशी होते. म्हणजे नकलेची नक्कल. दुसरं घराणं डिजिटल. लाइन सिक्सने १९९८ साली पॉड काढला, लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा. हा आकार का, हे कुणी विचारलं नाही आणि कंपनीने तो पुढच्या डब्यांतही चालू ठेवला. तिसरं घराणं आरशाचं: जर्मनीचा केम्पर, फिनलंडचा क्वाड कॉर्टेक्स. यांना खरा ॲम्प दाखवायचा, ते त्याच्यात चित्रविचित्र आवाज सोडून त्याचं वागणं टिपून घेतात आणि तसेच वागायला लागतात. त्यासाठी आधी खरा ॲम्प जवळ लागतो. तो असता तर हा लेख नसता.

हेलसिंकीचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. बेसवाले ज्या कंपनीच्या डब्यावर सध्या जीव टाकतात ती डार्कग्लास तिथली, आणि क्वाड कॉर्टेक्सवाली न्यूरल डीएसपीही तिथलीच. दोन्हींच्या मुळाशी चिलीहून तिकडे गेलेला एकच माणूस, डग्लस कास्ट्रो. अख्ख्या फिनलंडची वस्ती ५६ लाखांच्या घरात. तिथे हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो आणि शेजाऱ्याच्या घरी बोअरची मोटर नसते. अशा वातावरणात माणूस बेसच्या खरेचा विचार करू शकतो. आपल्याकडे विचार करायला बसलं की थ्री फेज येते.

दुसरी अडचण नावांची. डिजिटल डब्यात डझनावारी ॲम्प भरलेले असतात, पण खरं नाव छापलं तर मूळ कंपनीचा वकील येतो. म्हणून लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये अँपेग एसव्हीटी हा एसव्ही बीस्ट नावाने राहतो. अँपेगचाच बी-फिफ्टीन तिथे टक अँड गो होतो. गॅलिएन क्रूगर ८०० हा कूगर ८००, ॲकूस्टिक ३६० हा वुडी ब्लू. पुस्तिकेच्या शेवटी कुणाची नक्कल कुणावर बेतली आहे याचा तक्ता असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात खुलासा, की या नावांच्या मालकांशी आमचा काहीही संबंध नाही. सिनेमाच्या सुरुवातीला येणारी "सर्व पात्रे काल्पनिक" ही पाटी वाचण्यात आपला जन्म गेला, त्यामुळे वाईट वाटत नाही. पण गाणं सुरू व्हायच्या वेळी, शिट्टी वाजल्यावर, आपल्याला कोण हवंय आणि तो सध्या कुठल्या नावाने राहतो, हे दोन्ही आठवावं लागतं.

तिसरी अडचण कपाटाची. स्पीकरचं ते धूड, म्हणजे फ्रिज, आता फाइल होऊन मिळतं. कुणीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत, त्या कपाटासमोर माइक लावून त्याचा प्रतिसाद नोंदवतो. तो डब्यात घातला की आपला आवाज त्या कपाटातून, त्या माइकमधून, त्या खोलीतून आल्यासारखा होतो. तंत्र खरंच अचाट आहे. साठ-सत्तर किलोचं लाकूड-लोखंड २०४८ नमुन्यांत बसतं. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या हिशेबात ही लांबी ४३ मिलिसेकंद. टाळी वाजवून हात मागे घ्यायच्या आत कपाट संपतं. तक्रार एवढीच, की एकाच कपाटाच्या अशा शेकडो फाइली विकत मिळतात. माइक मधोमध, माइक दोन बोटं डावीकडे, माइक तिरका. दोन बोटं डावीकडे घेतल्याने वेगळी भासणारी गोष्ट उद्या मोबाइलवर ऐकली जाणार आहे, हे विकणाऱ्याला माहीत असतं. तो सांगत नाही. त्यालाही पोट आहे.

परीक्षणांच्या व्हिडिओंबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं. त्यात अंधारी खोली, जांभळा दिवा, टोपीवाला माणूस असतो. डबा चालू करतो आणि अंगठ्याने तारांवर असा तुटून पडतो, की डबा चांगला आहे की माणूस तयारीचा आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. मला गाण्यात जे करावं लागतं ते कुणीच करून दाखवत नाही. मला चार मिनिटं षड्ज आणि पंचम एवढेच सूर वाजवायचे असतात; कडव्याआधी जमलं तर मध्यम, तोही संगीतकार बाहेर चहाला गेला असेल तर. त्या दोन सुरांवर डबा कसा वागतो, याचा व्हिडिओ जगात नाही. निघाला तर बघणारा मी एकटा असेन, हे मला मान्य आहे.

या सगळ्यात जेम्स जेमर्सनची गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची बहुतेक गाजलेली गाणी ज्याच्या बेसवर उभी आहेत, तो हा. त्याच्या नावाने बी-फिफ्टीन ॲम्पची नक्कल जवळजवळ प्रत्येक डब्यात असते, कारण क्लबात वाजवताना तो हा ॲम्प वापरायचा. पण मोटाउनच्या स्टुडिओत त्याचा बेस बहुतेक वेळा कुठल्याही ॲम्पशिवाय, थेट वायरीने मिक्सरला जोडलेला असायचा. तारा तो तुटेपर्यंत बदलत नसे. वाजवायचा उजव्या हाताच्या एका बोटाने. म्हणजे त्याच्या रेकॉर्डवरचा आवाज हवा म्हणून माणूस ज्या ॲम्पची नक्कल विकत घेतो, तो ॲम्प त्या रेकॉर्डवर बहुधा नाहीच. जुन्या तारा आणि एक बोट मात्र आहे. या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आधीपासून होत्या. त्यांची किंमत कुणी धरली नाही.

आता सल्ले. आमचा कीबोर्डवाला म्हणतो, "आण्णा, बेस माझ्या डाव्या हातात हाय ना. तुम्ही कशाला तरास घेता?" हे तो आदराने म्हणतो. गिटारवाला म्हणतो, माझाच डबा घे, बेसलाही चालतो. चालतो, फक्त खालचा आवाज गायब होतो, कारण तो गिटारसाठी बनवलेला आहे. पुण्यात इंजिनीअरिंगला असलेला भाचा म्हणतो, "मामा, हार्डवेअर आता कोण घेतं? सॉफ्टवेअर टाक लॅपटॉपमध्ये." सॉफ्टवेअर उत्तम असतं, वादच नाही. पण लॅपटॉप आवाज घासाघासाने गिळतो. २५६ नमुन्यांचा घास धरला तर येताना साधारण पाच मिलिसेकंद, जाताना पाच, वर त्याचा स्वतःचा विचार. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून साडेतीन मीटर जातो, म्हणजे ॲम्प खोलीच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला, भिंतीला पाठ टेकून. हे चालण्यासारखं आहे. घास लहान केला तर लॅपटॉपला ठसका लागतो आणि पंखा फिरायला लागतो, तोही चालेल. पण लॅपटॉपवर बायकोच्या बचत गटाचा हिशेब आहे, आणि महिनाअखेरीला बेसचं काम नेमकं हप्त्यांच्या वेळेलाच निघतं. तिथे मिलिसेकंद कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून डबाच. डब्याला वीज लागते, आणि इथे प्रकरण आळेफाट्याच्या बाजारपेठेत येतं. पायाने दाबायच्या डब्यांना बहुधा नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, आणि त्याच्या पिनेची आतली बाजू ऋण, बाहेरची धन. जगातले बाकी बहुतेक ॲडॉप्टर, म्हणजे सेट टॉप बॉक्सचे, राउटरचे, याच्या बरोबर उलटे. असं का, याचं कारण फार जुनं आहे आणि आता ते कुणालाच नको आहे, पण पद्धत पडली. कंपनीचा ॲडॉप्टर गेला की माणूस इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जातो.

"नऊ व्होल्ट आहे का?"

"बारा हाय."

"नऊच पाहिजे."

"बारा न्या. पावर जास्ती मिळंल."

"आणि मधली पिन निगेटिव्ह हवी."

दुकानदाराने ॲडॉप्टरची पिन डोळ्यासमोर धरून आतून-बाहेरून नीट बघितली. "मधली पिन मधीच हाय," तो म्हणाला. "बघा."

मी बघितली. होती मधीच.

ॲडॉप्टर शेवटी पुण्याहून मागवला. आला, डबा लागला, आणि मग एक सूर ऐकू यायला लागला जो मी वाजवत नव्हतो. हा सूर विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. बेसच्या सगळ्यात जाड तारेची मोकळी कंपनं सेकंदाला ४१. तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की ४९, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी पाच. पुढच्या पडद्याला काळी चार, ५२ च्या जरा अलीकडे. वीज यांच्या मध्ये कुठेतरी गाते. पांढरी पाचला ती चढी, काळी चारला उतरी, म्हणजे कुठल्याही पट्टीतल्या कुठल्याही गाण्यात ती बेसूरच लागणार. मी माझ्या परीने गिटार तिच्याशी जुळवून बघायला तयार होतो. गाणारा तयार झाला नाही.

ही घरघर कुठून येते याचं उत्तर शोधताना एक गोष्ट मनाला लागते. आमच्या तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे एक कारण असं, की इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी. ती शांतता टिकावी म्हणून आसपासच्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणीसुद्धा या दुर्बिणीपायी अडली. या तबकड्यांनी टिपलेला, ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश २०२३ साली जाहीर झाला. त्यांची लहर वेगळी, माझी वेगळी, हे मला समजतं. तरी ८८० कोटी वर्षांचा आवाज जिथे स्वच्छ येतो, त्याच तालुक्यात तीन मीटरच्या वायरीतून गिटारचा आवाज येताना वाटेत शेजाऱ्याची मोटर भेटते, याला काय म्हणावं?

डब्यावर या घरघरीसाठी एक बटण असतं, ग्राउंड लिफ्ट नावाचं. डबा आणि मिक्सर यांची जमीन दोन वाटांनी जोडली गेली असेल तर त्याने घरघर जाते. माझ्याकडे दाबलं, गेली नाही. कारण कळायला वायरमन यावा लागला. त्याने प्लगचं झाकण काढलं. तीन पिनांच्या प्लगमध्ये दोनच वायरी होत्या; मोठी पिन निव्वळ शोभेला. मग भिंतीतलं सॉकेट उघडलं. तिथे हिरवी वायर होती, कुठेच न जोडलेली, टोकाला टेप गुंडाळून नीट घडी करून ठेवलेली. मग तो खाली गेला आणि वर येऊन म्हणाला, "अर्थिंग हाय तुमच्यात. फकस्त जोडलेलं नाय." घर बांधताना खड्डा खणलेला होता, कोळसा-मीठ भरलेलं होतं, पत्रा पुरलेला होता. वरपर्यंत कुणी आणलं नव्हतं. तारांना हात लावला की घरघर कमी व्हायची आणि हात काढला की वाढायची, याचंही कारण तेच: इतके दिवस या घरातलं उपलब्ध अर्थिंग मी होतो.

इतकं झाल्यावर गाणं तयार होतं आणि ते ज्याने करून घेतलं त्याला ऐकवावं लागतं. आमच्या भागात कामं येतात ती बैलगाड्याच्या गाण्यांची. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली, मे २०२३ मध्ये त्यावर शिक्का बसला, आणि तेव्हापासून गाडामालकांना आपापल्या जोडीवर गाणं हवं असतं. गाण्यात बैलांची नावं, घाटांची नावं, मालकाचं नाव आणि "भिर्रर्र" हे आवश्यक. मालक ऐकतात मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरला बेसची खालची कंपनं झेपतच नाहीत. ४१ तर नाहीच, त्याच्या दुपटीलाही तो दाद देत नाही. मग बेस ऐकू येतो कसा? सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांची वरची रांग असते. ती कानावर पडली की खालचा सूर नसतानाही मेंदू तो स्वतःच भरून घेतो. ही रांग स्वच्छ सुरात अशक्त असते आणि खरेच्या सुरात दणकट. व्हॉल्व्हचा ताण, डब्याची नक्कल, हा सारा खटाटोप शेवटी या एका कामाला येतो. गाडामालकाचा मेंदू ते काम चोख करतो. मग तो म्हणतो, "बाकी एक नंबर. जरा बेस वाढवा." हा बेस म्हणजे गिटार नव्हे; तो डीजेच्या गाडीवर छातीत बसतो तो. वाढवून देतो. त्यात गिटार बुडते. मालक खूश होतात, मानधन देतात आणि जाता जाता विचारतात, "तुम्ही यात नेमकं काय वाजवलं?"

खर्जाचा प्रश्न आपल्याकडे पूर्वी सुटलेला आहे, याची नोंद करून आवरतं घेतो. कुठल्याही गावच्या भजनात पखवाजवाला बसला की आधी कणकेचा गोळा मागतो. डाव्या पुडीवर ती कणीक अंगठ्याने थापतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो किंवा लावतो. जास्त लावली की धूम खाली जाते, कमी केली की वर येते. याला मेनू नाही, अपडेट नाही, ॲडॉप्टर नाही. भजन संपलं की कणीक खरवडून काढतात. कुणाची कणीक जास्त उबदार, यावर आजवर कुणाचं भांडण झालेलं नाही.

ज्यांना अजूनही डबा घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी निकाल असा. डब्याला मिक्सरला जाणारं बॅलन्स्ड आउटपुट असावं आणि हेडफोनला जागा असावी, म्हणजे घरचे झोपले तरी काम होतं. खर वाढवायचं एक बटण असावं, आणि खरेचा आवाज व स्वच्छ आवाज एकमेकांत मिसळायचं दुसरं. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण खर वाढली की खालचा सूर पातळ होतो. स्वच्छ आवाज खाली तसाच राहू दिला की दोन्ही टिकतं. स्क्रीन नसला तरी चालतो. शेकडो कपाटांच्या फाइली नसल्या तर उत्तम. तारा जुन्या झाल्या असतील तर राहू द्या. डब्याचा स्वतःचा ॲडॉप्टर सोबत येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि हे सगळं नंतर. आधी वायरमन बोलवा, सॉकेट उघडून हिरवी वायर खरोखर जोडलेली आहे का ते बघायला लावा, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. घरघर जावी म्हणून प्लगची मोठी पिन कापायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. त्या पिनेवर आवाजापेक्षा जास्त काही अवलंबून आहे.